टायरला काय लावायचं, आणि कुठं लावायचं नाही

हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायला बसला असाल तर चांगलंच, आणि भाकरी थापता थापता ऐकत असाल तरी चालेल. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

गेल्या आठवड्यात एका गटाच्या सचिव ताईंचा फोन आला. त्यांच्या बचत गटानं कर्ज काढून डांबरी रस्त्याला लागून गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर सुरू केलंय. पाण्याची टाकी, प्रेशरचा पंप, खाली फरशी, सगळं झालंय. त्या म्हणाल्या, “ताई, टायर चमकवायचं पॉलिश विकणारे तिघं येऊन गेले. एकाचं पांढरं दुधासारखं आहे. दुसऱ्याचं तेलासारखं घट्ट. तिसऱ्याच्या कॅनवर नावच नाही, पण स्वस्त तेच आहे. आणि शेजारचे गॅरेजवाले दादा म्हणतात, कशाला पैसे घालवता, डिझेलचं फडकं मारा, टायर नवा दिसतो. आम्ही नक्की काय करायचं? दसरा तोंडावर आलाय.”

दसऱ्याला गाडी धुवायची, टायर काळेभोर करायचे, झेंडूची माळ घालायची, ही आपल्याकडची रीतच आहे. तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठं कार आहे? नसेल. पण दुधाची पिकअप असेल, रिक्षा असेल, ट्रॅक्टर असेल, आणि मोटरसायकल तर घरोघरी आहे. ती धुणारे हातही बऱ्याच घरांत आपलेच असतात. म्हणून हा विषय गॅरेजवाल्यांपुरता नाही.

आधी डिझेलचं बघू, कारण फुकटच्या सल्ल्यात सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच आहे. डिझेलचं फडकं मारलं की टायर काळा दिसतो, हे खरं आहे. पण तो का काळा दिसतो? रबर ते डिझेल शोषून घेतं म्हणून. यावर विश्वास ठेवायला मी सांगायची गरज नाही. पिशवीच्या तोंडाला लावतो तो साधा रबर बँड घ्या आणि वाटीभर डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. चुलीपासून लांब, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. सकाळी त्याच्या शेजारी कोरा रबर बँड ठेवून बघा. भिजलेला फुगून मोठा झालेला दिसेल, आणि ताणला की सहज तुटेल. टायरचं रबर जाड असतं, त्यात दुसरंही बरंच काही असतं, म्हणून एका फडक्यानं तो तुटत नाही. पण दर आठवड्याला फडकं मारत राहिलात तर वरचा थर मऊ पडतो आणि रबराचं आयुष्य कमी होतं. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचंही तेच.

इंजिनातून काढलेलं काळं ऑइल तर हातात धरू नका. ते फुकट मिळतं म्हणून काही ठिकाणी टायरला लावतात. त्यात जळून तयार झालेली रसायनं आणि इंजिनातल्या झिजलेल्या धातूचा अंश असतो, तो कातडीला वाईट. वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे असं केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत धरलेलं आहे. ते साठवून, परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याकडंच द्यायचं असतं. आणि आपण ते फडक्यानं चोळणार, मग त्याच हातानं घाम पुसणार!

आता टायर म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. रबर मुळात काळं नसतं. झाडाच्या चिकापासूनचं रबर पांढरट-पिवळसर असतं, आणि मोटारीचे अगदी सुरुवातीचे टायरही फिकट रंगाचेच होते. काळा रंग येतो तो काजळीच्या बारीक भुकटीमुळं. तुपाच्या दिव्यावर ताटली धरून आपण काजळ धरतो ना, त्याच जातीची ती वस्तू, कारखान्यात केलेली. ती घातल्यानं रबर घट्ट होतं, लवकर झिजत नाही. म्हणजे टायरचा काळेपणा आतूनच आहे, वरून रंगवलेला नाही.

मग टायर तांबूस, तपकिरी का दिसायला लागतो? थोडी धूळ असते, थोडा चिखल. पण सगळा दोष मातीचा नाही. ऊन आणि हवेतला ओझोन वायू रबराला बारीक तडे पाडतात. ते पडू नयेत म्हणून कंपनी रबरातच मेण आणि काही राखणारी रसायनं मिसळते. गाडी चालत राहिली की ती हळूहळू वर येतात आणि हवा लागून तपकिरी होतात. म्हणजे तो तपकिरी थर टायरनं स्वतःच अंगाला लावलेला लेप आहे. तो फार रागानं, रोज रोज खरवडून काढायचा नाही. महिन्यातून एक-दोनदा नीट धुतला तर पुष्कळ झालं.

माझं मत स्पष्ट सांगते. टायरच्या दिसण्यात मोठा वाटा धुण्याचा आहे, पॉलिशचा त्या मानानं थोडा. नीट धुतलेला टायर पॉलिशशिवायही चांगला दिसतो. न धुतलेल्या टायरवर महागातलं पॉलिश लावलं तर ते मातीला लागतं, टायरला नाही. तेल न लावता, फणी न फिरवता वेणीला गजरा माळण्यासारखं आहे ते.

धुताना गाडी सावलीत घ्या, टायर गार होऊ द्या. आधी नुसतं पाणी मारा. काळ्या रानातला चिखल किंवा शेण वाळलं असेल तर भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे घासायला जोर लागत नाही. प्रेशरची बंदूक टायरला चिकटवून धरू नका, हातभर लांब ठेवा. जवळून मारलेल्या धारेनं टायरच्या बाजूला इजा होऊ शकते. घासायला ताठ प्लास्टिकचा ब्रश, तारेचा कधीच नाही. साबण म्हणून गाडी धुवायचा शॅम्पू उत्तम. तो नसेल तर भांड्याचं पातळ लिक्विड थोडंसं चालतं. फेस आधी तपकिरी येईल. दुसऱ्यांदा घासल्यावर तो पांढरा आला की टायर स्वच्छ झाला असं समजा.

धुण्याचा सोडा, कॉस्टिक, संडास धुण्याचं ॲसिड यातलं काही वापरू नका. ॲसिडनं रिम पटकन उजळते, म्हणून मोह होतो. पण अलॉयची रिम असेल तर तिच्यावर डाग पडतात, चकाकी कायमची जाते, आणि भरपाई गटाला द्यावी लागते. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हे तर संडास धुतानाही लक्षात ठेवायचं. विकणारा म्हणाला, “हे अगदी सौम्य आहे,” तर आपल्या घरातली तपासणी करा. पांढऱ्या फडक्याला ओली हळद चोळा, वाळू द्या, त्यावर त्या लिक्विडचा थेंब टाका. हळदीच्या साडीला साबण लागल्यावर ती लाल होते, तसा डाग लाल झाला तर त्यात क्षार आहे. मग हातमोज्याशिवाय त्यात हात घालायचा नाही, आणि ते अलॉयच्या रिमवर वाळू द्यायचं नाही. ॲसिड मात्र या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी लेबलच वाचावं लागतं.

आता मुख्य प्रश्न, पॉलिश कुठलं?

बाजारात कितीही नावं असली तरी बघण्यासारखे प्रकार दोनच. एक पाण्यात केलेलं, दुसरं पेट्रोलियमच्या तेलात किंवा थिनरसारख्या द्रवात केलेलं. पाण्याचं बहुधा दुधासारखं पांढरं असतं. लावल्यावर त्यातलं पाणी उडून जातं आणि सिलिकॉनचा पातळ थर मागं राहतो. चमक मंद, नव्या टायरसारखी. एक-दोन जोरदार पाऊस झाले की जातं. दुसरं पारदर्शक, तेलकट, घट्टसर. चमक आरशासारखी, जास्त दिवस टिकणारी. गिऱ्हाईक ती बघून खूश होतं, हे मी नाकारत नाही. पण त्यातला पेट्रोलियमचा भाग रबराला चांगला नाही, त्याला धूळ चिकटते, वास डोक्यात जातो आणि ते पेट घेतं. शिवाय गाडी पळायला लागली की त्याचे शिंतोडे दारावर उडतात. पांढऱ्या गाडीचा मालक दुसऱ्याच दिवशी भांडायला येतो.

मी पाण्याचंच घ्या म्हणेन. गिऱ्हाइकाला पाऊस पडल्यावर पुन्हा यावं लागेल, त्यात सेंटरचं नुकसान काहीच नाही.

पण पांढरं दिसलं म्हणून डोळे झाकून घेऊ नका. काही जण तेल घुसळून पांढरं करतात. म्हणून काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात चमचाभर पॉलिश टाका आणि ढवळा. पाण्याचं असेल तर सगळं पाणी दुधाळ होईल आणि तसंच राहील. तेलाचं असेल तर वर तवंग येईल. मग बाटलीचं झाकण उघडून हातानं वारा घेत लांबूनच वास घ्या. रॉकेल किंवा थिनरचा वास आला तर विकणाऱ्याला सांगा, “नको भाऊ.” कॅनवर ज्वाळेचं चित्र असेल तर ते पेट घेणारं आहे, त्यासाठी वेगळा वास घ्यायची गरज नाही.

आणि तो बिननावाचा स्वस्त कॅन? त्याचा विचारही नको. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, किती माल आहे, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असलाच पाहिजे, असा कायदा आहे. गटाचे पैसे आहेत ते. उद्या एखादीचे हात सोलले तर जाब कुणाला विचारणार?

स्वस्त-महाग ठरवायचं असेल तर कॅनची किंमत बघू नका, एका गाडीचा खर्च काढा. वही घ्या जवळ. उदाहरणापुरते आकडे देते, तुमच्या बाजारातले तुम्ही घाला. एका टायरला साधारण १५ मिली पॉलिश धरू, म्हणजे औषधाचे तीन लहान चमचे. चार टायरना ६० मिली. आता एक कॅन ८०० रुपयांचा, ५ लिटरचा, तसाच वापरायचा. त्यात साधारण ८३ गाड्या होतात, गाडीला साडेनऊ रुपयांच्या वर पडतात. दुसरा कॅन १२०० रुपयांचा, तोही ५ लिटरचाच, पण लेबलवर लिहिलंय की तेवढंच पाणी मिसळा. म्हणजे १० लिटर झालं, गाड्या झाल्या १६६, आणि गाडीला सव्वासात रुपये पडले. बाराशेचा कॅन स्वस्त निघाला! मात्र पाणी लेबलवर लिहिलंय तेवढंच घालायचं. लेबलवर नसेल तर विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर घालायचं नाही.

मोठा कॅन घ्यायच्या आधी लहान बाटल्या आणा आणि गटाच्या बैठकीत चाचणी लावा. पंक्चरवाल्याकडून भंगार टायर मागून आणा, धुवा, वाळवा, खडूनं त्याचे चार भाग करा. एकाला काहीच लावू नका, बाकी तिघांना वेगवेगळं पॉलिश. तासाभरानं कोरं पांढरं फडकं फिरवा. ज्यानं फडकं तेलकट होतं ते गाडीवर उडणार. मग टायर अंगणात ठेवा, धूळ बसू द्या, एकदा तांब्याभर पाणी ओता, आठ दिवसांनी सगळ्या जणी मिळून बघा. ज्या भागाला सगळ्यात जास्त धूळ चिकटली ते बाद.

घरच्या एखाद्या गाडीसाठी, दसऱ्यापुरतं काही हवं असेल तर मेडिकलमधलं ग्लिसरीन आहे. एक वाटी ग्लिसरीन, दोन वाट्या पाणी, धुतलेल्या कोरड्या टायरच्या बाजूला स्पंजनं. रबराला त्याचा त्रास नाही. धूळ लवकर बसते आणि पहिल्या पाण्यात ते धुऊन जातं, पण सणाचा दिवस निघतो.

लावण्याची रीत सगळ्यांची एकच. टायर पूर्ण कोरडा हवा. पॉलिश आधी स्पंजवर घ्या, मग स्पंज टायरवर फिरवा. फवारा थेट चाकावर मारू नका. हल्ली चाकाच्या फटींतून आतली ब्रेकची चकती उघडी दिसते. तिच्यावर पॉलिश उडालं तर ब्रेक घसरतो. लावून दहा मिनिटं झाली की जास्तीचं पुसून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉलिश फक्त टायरच्या बाजूला, जिथं कंपनीचं नाव असतं तिथंच. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीला कधीही नाही. आणि मोटरसायकल, स्कूटरच्या टायरला कुठंच नाही. कार वळताना सरळ उभीच वळते. मोटरसायकल वळणावर कलते, तेव्हा टायरची कडही रस्त्याला टेकते. जिथं पॉलिश लागलंय तीच जागा वळणावर खाली येते.

आमच्या सेंटरवर एक पोरगा नवी कोरी मोटरसायकल घेऊन आला होता. “मावशी, टायर पण काळे करा, पैसे जास्त घ्या,” म्हणाला. आमच्यातल्या शेवंता मावशींनी त्याला समजावून सांगितलं, नुसते धुऊन देतो म्हणाल्या. तो रागावून दुसरीकडं गेला. तिथं त्याला पाहिजे तसे चमकवून दिले. संध्याकाळी मंदिराच्या वळणावर घसरला. हात मोडला, नशीब बाकी काही झालं नाही. पुढं त्याची आई आमच्या सेंटरवर येऊन बसली होती. ती काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही, चहा घेतला. त्या दिवसापासून आमच्या दरपत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे: दुचाकीच्या टायरला पॉलिश मिळणार नाही. एक-दोन गिऱ्हाइकं जातात. जाऊ द्यात.

ट्रॅक्टरचंही सांगते. त्याच्या टायरवर पाय देऊन चढणारे पुष्कळ असतात. तिथं चमक कशाला हवी?

चमकणाऱ्या टायरची दुसरी बाजू खरेदीत कळते. गटातली एखादी ताई जुनी पिकअप किंवा रिक्षा घ्यायला निघाली, की विकणारा सगळ्यात आधी टायर चमकवून ठेवतो. तेव्हा ओलं फडकं घेऊन जा आणि टायरची बाजू पुसा. चमकीखाली केसासारखे तडे दिसतात का, कुठं फुगवटा आहे का बघा. मग बाजूवर लहानशा लांबट चौकटीत चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३११८ असेल तर २०१८ च्या ३१ व्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास तो टायर बनला. नक्षीच्या खाचांत बोट घाला. तळाशी मधूनमधून आडवे उंचवटे लागतील. कारच्या टायरला ते १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली असेल तर टायर संपला. तो बदलायचा खर्च सौद्यातून वजा करून मागा. टायर गोटा झालेला असताना वरची चमक बघून किंमत ठरवायची नाही.

काम करणाऱ्या बायकांसाठी दोन-तीन गोष्टी. रबरी हातमोजे आणि प्लास्टिकचे बूट हवेत, साडीचा पदर किंवा ओढणी खोचलेली हवी. फरशीवर पॉलिश सांडलं तर लगेच साबणानं घासा, नाहीतर आपणच घसरतो. आणि हे नीट ऐका: पॉलिश, डिझेल किंवा कुठलंही लिक्विड कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान पोरं ती तोंडाला लावतात. कुणी रॉकेल-डिझेलसारखं काही प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उलटी होताना ते फुप्फुसात जातं, आणि धोका वाढतो. १०८ ला फोन लावा, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

राहिलं धुण्याचं पाणी. ते विहिरीकडं, ओढ्याकडं सोडू नका. दोन कप्प्यांचा छोटा हौद बांधा. पहिल्या कप्प्यात गाळ खाली बसतो आणि तेल वर तरंगतं. मधल्या उंचीवरून नळी काढली की त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं, तिथून शोषखड्ड्यात. वरचं तेल काढून वेगळ्या डब्यात साठवा. मघाशी टायरला राखणारी रसायनं म्हटलं ना, त्यातल्याच एकाची गोष्ट आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर ओढ्यांतले सॅल्मन मासे मरत होते, आणि कारण सापडत नव्हतं. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की टायर झिजून पडणाऱ्या कणांतलं ते रसायन ओझोनमुळं बदलतं, पाण्यात उतरतं आणि माशांना मारतं. आपल्या ओढ्यात सॅल्मन नसतो, पण गुरं त्याच पाण्यावर जातात.

तुमच्या गटानं भंगार टायरची चाचणी लावली, तर आठ दिवसांनी कुठला भाग कसा दिसला ते केंद्रावर फोन करून सांगा. विकणाऱ्याचं नाव नको, नुसतं पांढरं की तेलकट, आणि गाडीला किती रुपये पडले तेवढं सांगा. दसऱ्याच्या आधीच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.